दुपारी बारा ते चार

काल कूलरवाला येऊन गेला. जाळ्या उघडून त्याने आतलं काळं पडलेलं वाळ्याचं गवत अंगणात झाडलं, नवं भरलं, पंप सुरू करून पाहिला आणि "झालं बाई, आता पावसापर्यंत पाहाचं काम नाही" असं सांगून निघाला. पहिलं पाणी गवतावरून उतरलं आणि तो वास घरभर झाला. बाहेरगावचे पाहुणे या वासाचं फार कौतुक करतात. म्हणतात, तुमचा उन्हाळा मेला कसाही असो, पण हा वास! माझं मात्र त्या वासाने डोकं उठतं. चाळीसच्या वर वर्षं झाली, एकदा उठलेलं डोकं अजून बसलेलं नाही. घरातले सांगतात, आईला उन्हाळा सोसत नाही. ऊन मला उत्तम सोसतं. मला जे सोसलं नाही ते वेगळंच होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. ऑर्थोडॉन्टिक्स या विषयात एम.डी.एस. करून मी मुंबईहून नागपूरला परतले ती ऐन चैत्रात. वाकडे, पुढे आलेले, एकमेकांवर चढलेले दात तारेने हळूहळू ओळीत आणायचे, हे माझं शास्त्र. दात म्हणजे काही भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे. त्याला सारखा, अगदी हलका दाब देत राहिलं तर हाड त्याला वाट देतं. मात्र त्याला दीड-दोन वर्षं लागतात, घाई केली की दात हलतो आणि जातो. तीन वर्षं मुंबईत मी हेच केलं होतं, बोटांना पक्कडीचे घट्टे पडेपर्यंत केलं होतं. नागपुरात या विषयाचं माणूस शोधून सापडत नव्हतं. मला वाटलं, चला, गाव आपली वाटच पाहत असेल. जिथे माणूसच नाही तिथे त्या माणसाची गरजही कुणाला वाटलेली नसते, हे मला तीन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

एप्रिलभर मी हिंडले. डोक्याला ओला टॉवेल, खांद्याला प्रमाणपत्रांची पिशवी आणि बुडाखाली बाबांची जुनी सायकल. सीताबर्डी झाली, सदर झालं, धरमपेठ झाली. प्रत्येक दवाखान्यात पाणी मिळालं, खुर्ची मिळाली, "वा, मुंबईहून का!" हेही मिळालं. एका डॉक्टरांनी माझी प्रमाणपत्रं दोनदा वाचली आणि अगदी मनापासून सांगितलं, "मॅडम, आमच्याकडे वाकडे दात येतच नाहीत. दुखणारे येतात." दुसऱ्या एकांनी विचारलं, "हे सगळं शिकलात ते ठीक, पण दात काढता येतात नं?" मी म्हटलं, येतात, पण मी दात वाचवायला शिकले आहे. ते गालातल्या गालात हसले. अजूनही ते हसू आठवलं की माझा रक्तदाब वाढतो.

शेवटी इतवारीतल्या एका जुन्या दंतवैद्यांनी मला बसायला जागा दिली. त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, मीही तेच म्हणते. माणूस दिलदार. म्हणाले, "सकाळची वेळ माझी, संध्याकाळचीही माझी. बारा ते चार खुर्ची खाली राह्यते. तू बस." मी आनंदाने घरी आले. बाबांना सांगितलं, दुपारी बारा ते चार. बाबा हातमागावर बसले होते. आम्ही कोष्टी, घरात मी पहिलीच शिकलेली. त्यांनी धोटा हातात धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मे महिन्यात? बारा ते चार?"

"हो."

"कोण येईन वं?"

मी चिडले. बाबांना दवाखान्यातलं काय कळतं, असं काहीतरी बोलले. ते पुन्हा विणायला लागले.

नागपूरची मे महिन्यातली दुपार ज्याने पाहिली नाही त्याला हे सांगून उपयोग नाही. अकरा वाजले की दुकानदार शटर अर्धं ओढून घेतात आणि तिथेच आडवे होतात. डांबर मऊ होतं, चप्पल त्यात अडकून मागे राहते. रस्त्यावर एखादा बैल दिसलाच तर तोही कुणाच्या तरी ओट्याच्या सावलीत मान घालून उभा. सगळं शहर दारं-खिडक्या लावून पडलेलं, आणि त्या शहराचे वाकडे दात सरळ करायला मी इस्त्रीचा पांढरा कोट घालून बसलेली.

माझ्या जोडीला श्यामराव. मोठ्या डॉक्टरांचे कंपाउंडर, साठीच्या पुढचे, अंगाने वाळलेले, बोलणं कमी. इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं, पण कुठल्या बाटलीत काय हे अंधारातही सांगत. खिडकीला वाळ्याची ताटी होती, तिच्यावर दर अर्ध्या तासाने ते तांब्याने पाणी मारत. तोच तो वास. दुपारभर ते पाणी मारत आणि मी दाराकडे पाहत बसे. आठवडा गेला, कोणी आलं नाही.

मग मोठ्या डॉक्टरांनी माझ्या भल्यासाठी एक पाटी रंगवून घेतली. 'येथे लेडी डॉक्टर बसतात. दु. १२ ते ४.' आणि काय सांगू, बायका येऊ लागल्या! डोक्यावरून पदर घेऊन, भर उन्हात, घरच्यांची नजर चुकवून. खुर्चीत बसायच्या, श्यामरावांनी बाहेर जायची वाट पाहायच्या आणि मग माझ्या कानाशी येऊन सांगायच्या, की तिसरा महिना लागला आहे, किंवा अजून लागत नाही. 'लेडी डॉक्टर' म्हटल्यावर आमच्याकडे एकच डॉक्टर समजतात, हे पाटी रंगवताना ना मोठ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं ना माझ्या. मी म्हणायची, बाई, मी दातांची. त्या माझ्याकडे अशा पाहायच्या, की जणू मीच त्यांना फसवलं. एक जण तर जाता जाता म्हणाली, "दातायसाठी बाई कायले लागते?"

खरे रोगी आले तेही लग्नसराईने आणलेले. वैशाख म्हणजे आमच्याकडे मांडवांचा महिना. मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हटलं की घराला चुना, दाराला रंग, आणि मुलीच्या दातांना मी. "पाव्हणे येत्या रविवारी येऊन राहिले. तोवर दात अंदर जाईन का?" हा प्रश्न मी त्या उन्हाळ्यात इतक्या वेळा ऐकला, की शेवटी माणूस दारात दिसला की मी आधीच 'नाही' म्हणायची. मुलगे मात्र कोणी आणत नसे. मुलीला दाखवायला आलेल्या एका आईच्या शेजारी बारा वर्षांचा मुलगा उभा होता, दात दातावर चढलेला, नेमकं माझं काम. मी म्हटलं, याचे आता सुरू करू या, वय योग्य आहे. ती म्हणाली, "त्याचं काहून? त्याले काय पाहाले येणार आहे कोणी? अन् दातावर दात तं भाग्याचा असते." आणि मुलीचा हात धरून निघून गेली. ते आठवलं की आजही मी नुसतीच चरफडते.

रोज संध्याकाळी घरी गेले की बाबा एकच विचारत, "आला का कोणी?" त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे. पण मला तो प्रश्न सहन होईना. मी मुद्दाम उशिरा घरी जाऊ लागले. आई कुरड्या घालत असे, लगीनघरी देण्यासाठी. शेजारच्या बायका तिला विचारत, पोरगी एवढी शिकली अन् बसून काहून राहिली? आई माझ्या विषयाचं नाव घेण्याचा प्रयत्न करी, अर्ध्यावर अडे आणि कुरडईकडे वळे.

या सगळ्यात माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. इथल्या सरकारी दंत महाविद्यालयात माझ्या विषयाच्या अधिव्याख्यात्याची एक जागा निघाली होती, एकच. मी आल्याआल्या अर्ज टाकला होता. ती जागा मिळाली तर माझी खुर्ची असणार होती, विद्यार्थी असणार होते, आणि मुख्य म्हणजे तिथे येणाऱ्या रोग्याला दोन वर्षं थांबायला सांगण्याचा मला अधिकार असणार होता. ती मिळाली नाही तर मी इतरांसारखी दात उपटत बसणार, हे मला दिसत होतं. अर्जावर पत्ता मी घरचा दिला नाही. दवाखान्याचा दिला. आमच्या कोष्ट्यांच्या गल्लीचा पत्ता लिहायची मला लाज वाटली, दुसरं कारण नाही. मुलाखत घेणारी समिती मुंबईहून यायची होती आणि बोलावणंही तिथल्याच कार्यालयातून निघायचं होतं. मी टपालाची वाट पाहत होते, लांबट खाकी लिफाफ्याची.

आणखी एका गोष्टीची वाट पाहत होते, ती म्हणजे तारेची. मुंबईहून आणलेली पोलादी तार संपत आली होती, नागपुरात ती मिळत नव्हती. तिथल्या दुकानदाराला पत्र टाकलं होतं, नवी गुंडाळी पाठवा म्हणून. रोज श्यामरावांना विचारायची, "माझी तार आली का?" रोज ते मान हलवत, नाही.

मग तो शुक्रवार आला.

कुही गावाकडच्या एका मास्तरांची मुलगी, वनिता, आईबरोबर आली होती. एकोणीस वर्षांची. वरचे चार दात पुढे, पण काय सुंदर दात! एकालाही कीड नाही, हिरड्या गुलाबी. मी इतकी खूश झाले की पुढचं काही न विचारता ठसा घ्यायला बसले. ठशाचा मसाला तोंडात भरला की दोन-तीन मिनिटं डॉक्टरने हात हलवायचा नसतो, रोग्याने मान हलवायची नसते. माझ्या दोन्ही हातांची बोटं तिच्या तोंडात, तिच्या डोळ्यांतून पाणी, तिची आई माझ्या मागून वाकून पाहतेय, आणि श्यामराव दारात.

"बाई, तुमची तार आली."

"ठेवा माझ्या ड्रॉवरमध्ये."

ते हलले नाहीत. "पाहून तं घ्या."

"तारेत काय पाहायचं आहे, श्यामराव? मला माहीत आहे काय आहे ते. ठेवा म्हटलं ना!"

मग ते गेले. ड्रॉवर उघडल्याचा, लागल्याचा आवाज आला.

ठसा छान निघाला. मी तो वनिताच्या आईला दाखवला, कुठला दात कुठे जाईल ते सांगितलं. ती म्हणाली, "किती दिवस लागन?" मी म्हटलं, दीड वर्षं, फार तर दोन. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. "लग्न तं पंधरा दिवसांवर आलं, बाई. सासरचे म्हणते, दात ठीक करून आणा, नाहीतर मांडवात येत नाही." तेवढ्यात मोठे डॉक्टर आले, त्या दिवशी लवकर आले होते. त्यांनी मुलीच्या तोंडात पाहिलं आणि एका वाक्यात निकाल दिला, की चार दात काढून टाकू, कवळी बसवून देऊ, आठवड्यात पोरगी तयार. तशी तेव्हाची रीतच होती. मी भांडले. रोग्यासमोर भांडू नये ते भांडले. निरोगी दात आहेत, एकोणीस वर्षांची मुलगी आहे, जन्मभर कवळी घालेल का, म्हणून ओरडले. मोठे डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "तिचं लग्न मोडलं तं तुझ्या तारेने जोडून देशील का?"

वनिताला कोणी विचारलं नाही. तसं मीही विचारलं नव्हतं, हे मला फार उशिरा सुचलं. मी कोट खुंटीला टांगला आणि निघून आले. तार आली काय, न आली काय, मला आता त्या ड्रॉवरकडे बघायचंही नव्हतं.

शनिवारी सकाळी अकरा वाजता मी गच्चीवर आईला कुरड्या पसरू लागत होते. बारा वाजता दवाखान्यात गेले. श्यामरावांनी माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती, ताटीवर दुप्पट पाणी मारलं होतं, आणि घरून कैरीचं पन्हं आणलं होतं, पितळी डब्यातून.

"आज घरी राहाले पाहिजे होतं, बाई."

"काहून? घरी काय आहे?" मी त्यांच्यावरच खेकसले.

"नाही, तसं नाही. कामात मन लागलं तं बरं असते," ते म्हणाले आणि ताटीकडे वळले. थोड्या वेळाने पाठमोरेच म्हणाले, "एवढं मनावर घेऊ नका. ज्याची जितकी असते तितकीच." मला वाटलं ते वनिताच्या दातांबद्दल बोलत आहेत. अख्ख्या नागपुरात एका माणसाला तरी माझं दुःख कळलं, म्हणून मला भरून आलं. पन्हं मी सगळं प्याले. शनिवारचे चार तास कोणी आलं नाही, आणि ड्रॉवर मी उघडला नाही.

सोमवारी पोस्टमन आला. पुठ्ठ्याची गोल डबी, मुंबईच्या दुकानाचा शिक्का. मी सही केली, उघडली. आत पोलादी तारेची नवीकोरी गुंडाळी.

"श्यामराव, ही आज आली. मग शुक्रवारी काय आलं होतं?"

"तार."

"तार ही आहे."

"हे नाही, बाई. तार. डाकघराची तार."

मी ड्रॉवर ओढला. माझ्या तारांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांवर तो कागद नीट ठेवलेला होता, वाऱ्याने उडू नये म्हणून वर पक्कड ठेवली होती. मुंबईच्या कार्यालयाची तार. शनिवारी सकाळी अकरा वाजता मूळ प्रमाणपत्रांसह मुलाखतीस हजर राहावे.

भर एकच्या उन्हात मी महाविद्यालयात गेले. सायकल कशी चालवली आठवत नाही. डोक्याला टॉवेल नव्हता एवढं आठवतं. तिथल्या कारकुनाने मला पाहिलं आणि स्वतःहूनच म्हणाला, "तुम्हीच का त्या मॅडम? साहेब लोक अकरापासून बसून होते. दीड वाजेपर्यंत वाट पाह्यली तुमची."

मी विचारलं, बाकीच्या उमेदवारांपैकी कोणाला घेतलं?

"बाकीचे कोण? अर्ज एकच होता नं, मॅडम. तुमचाच."

समितीने चहा घेतला, 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' असं लिहिलं आणि दुपारच्या गाडीने परत गेली. त्याने मला ती ओळ दाखवलीसुद्धा. पुन्हा जाहिरात निघेल का, असं विचारलं तर तो म्हणाला, "निघन. साल लागते, दोन साल लागते."

चार लागली. तोवर नियम बदलले होते, आणि ती जागा दुसऱ्याला गेली. मी पुढे कशीबशी माझी खुर्ची मांडली, रोगी हळूहळू आले, आता तर मुलांनाही घेऊन येतात. लोक म्हणतात, बघा, झालं ना सगळं चांगलं? त्यांना म्हणू द्यावं. ज्या दहा-बारा वर्षांत माझे हात सगळ्यात चांगले चालत होते, त्यांत मी पोटासाठी शेकड्यांनी निरोगी दात उपटले, ते काही परत बसत नाहीत. आदल्या दिवशी तार पाठवणाऱ्या त्या कार्यालयाचा मला राग आहे. घरचा पत्ता न लिहिणाऱ्या त्या पोरीचा आहे. आणि दोन इतक्या वेगळ्या वस्तूंना एकच शब्द ठेवणाऱ्या आपल्या मराठीचाही आहे, कोणी हसलं तरी. बाबांना त्या संध्याकाळी मी सांगितलं की जागा रद्द झाली. ते खोटं नव्हतं.

पण ते संध्याकाळचं. त्याआधी साडेतीनला मी दवाखान्यात परतले. वाटेत मी ठरवत आले होते श्यामरावांना काय काय बोलायचं. कागद हातात दिला असता तर! ड्रॉवरमध्ये ठेवायला सांगितलं म्हणून ठेवायचा का? वाक्यं जुळवून तयार होती.

त्यांनी दार ओढून घेतलं, ऊन बाहेर ठेवलं. गुळाचा खडा आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला. मग समोर उभे राहिले, हात पोटाशी धरून, कुणाच्या घरी भेटायला गेलेला माणूस उभा राहतो तसे.

"रागावू नका, बाई. शुक्रवारपासून विचारीन म्हणून राहिलो, धीर नाही झाला. तुम्ही म्हणल्या मले माहीत आहे, म्हणून मी चूप बसलो. कोण गेलं?"

मला एक क्षण कळलंच नाही. मग कळलं. आमच्या वस्तीत त्या काळी तार एकाच बातमीसाठी यायची. ती न उघडता बाजूला ठेवायला सांगणारी बाई श्यामरावांनी आयुष्यात पाहिली नव्हती. खुर्ची, पन्हं, 'ज्याची जितकी असते', सगळं माझ्या घरच्या कुणा मेलेल्या माणसासाठी होतं.

"कोणी नाही गेलं, श्यामराव," मी म्हटलं. "मीच गेले नाही."

दुसरं वाक्य त्यांना समजलं नसावं. पहिलं मात्र पुरलं. त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि तिथेच, रोग्यांच्या बाकावर, मटकन बसले.

"चांगलं झालं, बाई. मले तीन दिवस झाले, जेवण नाही जाऊन राहिलं."